एक्क्याऐंशी किलोंचं शीड

मंगळवारी सकाळी पत्र आलं, की माझा नंबर लागला आहे. कसला नंबर, हे आठवायला मला दोन कप कॉफी लागली, कारण अर्ज केला होता अकरा वर्षांपूर्वी.

आमच्या गावाला तळं आहे. तळं म्हणजे असं, की या काठावरून त्या काठाच्या गाई मुंग्यांएवढ्या दिसतात. आणि तळ्याला मंडळ आहे. फळीवर उभं राहायचं, फळीवर बसवलेलं शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्याबरोबर पाण्यावरून सुटायचं, हा उद्योग करणाऱ्यांचं मंडळ. या मंडळाची काठावर एक लाकडी शेड आहे आणि त्या शेडमध्ये साठ खण आहेत. ज्याला खण मिळाला त्याने फळी-शीड तिथेच ठेवावं, वारा आला की सायकलवरून जावं आणि पाण्यात उतरावं. ज्याला खण नाही त्याने फळी मोटारीच्या टपावर बांधावी, सोडावी, पुन्हा बांधावी आणि तोवर वारा पडलेला पाहावा. त्यामुळे साठ खणांच्या मागे दोनशेच्या वर माणसं यादीत उभी असतात. आमच्या फ्रीसलंड प्रांतात लोक नवरा सोडतात, चर्च सोडतात, सिगारेट सोडतात. यादीतला नंबर सोडत नाहीत. माझ्या एका आत्याचं नाव ती वारल्यावरही चार वर्षं वृद्धाश्रमाच्या यादीत वर वर सरकत होतं.

पत्रात तीन अटी होत्या. तीस सप्टेंबरच्या आत फळी आणि शीड, पूर्ण सामानासह, तयार असावं. हे सामान अर्जदाराच्या वजनाला परिशिष्ट 'क'प्रमाणे जुळणारं असावं. आणि अर्जदाराने समितीसमोर काठावरून निघून, मध्ये तरंगणाऱ्या खुणेच्या लाल बोयाला वळसा घालून, काठावर परत यावं. यातलं काही न जमल्यास खण यादीतल्या पुढच्या अर्जदाराला. सोबत माझ्या जुन्या अर्जाची प्रत जोडली होती. नाव लिउवे, हुद्दा जलमंडळात कारकून, वजन एक्क्याऐंशी किलो.

आता खरं सांगायचं, तर अकरा वर्षांपूर्वीसुद्धा ते एक्क्याऐंशी नव्हतं. अर्ज भरताना माणूस जरा आशावादी असतो. आज किती आहे ते पुढे येईलच, त्याची घाई नको.

खण मला हवा होता. चोपन्न वर्षांचा माणूस असं म्हणाला की लोक हसतात, हे मला ठाऊक आहे. पण मी तीस वर्षं जलमंडळाच्या कचेरीत बसून तळ्याच्या पाण्याची पातळी रोज कागदावर लिहितो. आज एवढे सेंटिमीटर वर, आज एवढे खाली. ज्या पाण्याचा हिशेब इतकी वर्षं ठेवला, त्या पाण्यावरून एकदा तरी सुसाट जावं, असं मला मनापासून वाटत होतं. तरुणपणी दोन उन्हाळे मी हे थोडंफार शिकलो होतो, आणि तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला जाणकार समजत होतो.

पत्र वाचून होतंय तोवर मागच्या दारात सिब्रेन उभा. सिब्रेन आमचा भिंतीला भिंत लागून शेजारी, शाळेत सुतारकाम शिकवायचा, आता निवृत्त.

"अभिनंदन," तो म्हणाला. "नंबर लागला ना? मी दुसरा आहे."

"कशात दुसरा?"

"यादीत. तू नापास झालास की खण मला." तो खुर्ची ओढून बसला. "तेव्हा तू पाण्यात पडावंस अशी माझी इच्छा आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण सामान तू चुकीचं घेऊ नयेस. शेजारधर्म आहे. वजन किती तुझं?"

"एक्क्याऐंशी."

अरुंद जिन्यावरून कपाट वर न्यायचं असलं की माणूस त्या कपाटाकडे बघतो, तसा सिब्रेन माझ्याकडे बघत राहिला. "कोणत्या साली?" त्याने विचारलं.

माझी बायको यित्स्के ओट्याशी उभी होती. ती वळलीसुद्धा नाही, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

मग सिब्रेनने टेबलावर बोटाने आकृत्या काढत मला सगळं समजावलं. फळीचं माप लिटरमध्ये असतं. आपलं वजन, त्यात शीड, त्यात डोलकाठी, त्यात फळीचं स्वतःचं वजन, वर पाण्यात घालायचा रबरी सूट, तोही ओला. या सगळ्याच्या बेरजेपेक्षा लिटर जास्त हवेत, नाहीतर नुसतं उभं राहिलं तरी फळी पाण्याखाली जाते. शिवाय आपलं पाणी सपाट, लाटा नाहीत, म्हणून फळी रुंद, शीड मोठं आणि फळीच्या बुडाला बसवायचं पातं लांब.

"लहान फळीवर मोठं शीड चढवलंस तर फळी नाक खुपसणार," तो म्हणाला. "मोठ्या फळीवर लहान शीड लावलंस तर बसची वाट बघत उभा आहेस असं दिसणार. सोयरीक असते ती. दोघांचं एकमेकांशी जमलं पाहिजे, आणि त्या दोघांना तू झेपला पाहिजेस. तू एकशेचाळीस लिटरची फळी घे आणि साडेसात मीटरचं शीड."

"एक्क्याऐंशी किलोंना एकशेचाळीस?"

"नाही रे, तुला," सिब्रेन म्हणाला आणि आमच्या डब्यातलं एक बिस्किट घेऊन निघून गेला. एकच घेतलं. तो रीतीने वागणारा माणूस आहे.

एका दंतवैद्याकडे जुनी फळी मिळाली, एकशेचाळीसचीच. शीड दुसऱ्याकडे मिळालं. आणि मग ते सुरू झालं. साडेसात मीटरच्या शिडाला चार मीटर साठची डोलकाठी लागते. माझी निघाली चार मीटर तीस. म्हणून खाली जोडतुकडा आणला. तुकडा लावला तर शीड ताणलं गेलं आणि धरायची आडवी दांडी तोकडी पडली. लांब दांडी आणली तर तिचं तोंड डोलकाठीपेक्षा मोठं, म्हणून मध्ये पट्टी. पट्टी लावली तर दांडी घट्ट बसली, इतकी की नंतर ती सुटेना. पातं तर मी विसरलोच होतो. दंतवैद्याने फळी दिली ती पात्याशिवाय, आणि फोन केला तर म्हणाला, "दात वेगळे असतात."

हे सगळं ठेवायचं कुठे? आमचं घर रांगेतलं. जिना इतका उभा की सूटकेससुद्धा मिठी मारून न्यावी लागते. फळी शेवटी पुढच्या खोलीत, मोठ्या खिडकीखाली आडवी ठेवली. आता आमच्याकडे खिडकीला पडदे ओढायची पद्धत नाही. घरात झाकण्यासारखं काही नाही हे रस्त्याला दिसलं पाहिजे. त्यामुळे दोन दिवसांत सगळ्या गल्लीने फळी पाहिली आणि प्रत्येकजण आत येऊन मत देऊन गेला. टपालवाल्या बाई म्हणाल्या, शीड फार मोठं आहे. पाद्रीबाबांची विधवा म्हणाली, फळी फार मोठी आहे. तिच्या कुत्र्याने फळीला हुंगून आपलंही मत द्यायला पाय उचलला, पण तिने त्याला वेळेवर ओढलं. आणि मत देण्याआधी प्रत्येकाने तोच प्रश्न विचारला.

"एक्क्याऐंशी," मी सांगत होतो.

त्यात सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आला. खुर्च्या भिंतीलगत गोल मांडलेल्या, सगळ्यांनी सगळ्यांशी हात मिळवून सगळ्यांचं अभिनंदन केलेलं, प्रत्येकाच्या मांडीवर केकचा एकेक तुकडा. अशा गोलात विषय एकदा सुटला की तो सगळ्या खुर्च्यांवरून फिरूनच परत येतो. विषय माझा होता. मेव्हणा म्हणाला, वजन सांग म्हणजे शीड सांगतो.

"एक्क्याऐंशी."

सासूबाईंना कमी ऐकू येतं असं सगळे समजतात. त्यांनी काटा खाली ठेवला. "एक्क्याऐंशी? एक्क्याऐंशी तर मी होते. यित्स्केच्या वेळी, नवव्या महिन्यात."

माझ्या मांडीवरचा केक मला जड वाटायला लागला. मी तो संपवला.

सामान तपासायला हिल्केमाबाई आल्या. मंडळाच्या खण समितीच्या त्या अध्यक्ष, सारा जन्म जमीन नोंदणी खात्यात काढलेला, त्यामुळे त्यांना कुठलीही वस्तू दिसली की आधी तिची सीमा दिसते. खांद्याला मोजपट्टी, काखेत फाइल. कॉफी घेतली, बिस्किट नको म्हणाल्या, आणि फळीच्या शेपटीशी छापलेला आकडा वाचला.

"एकशेचाळीस लिटर. शीड साडेसात. पातं शेहेचाळीस सेंटिमीटर." त्यांनी परिशिष्ट 'क' उघडलं. "हे सामान एकमेकांना उत्तम जुळतं. सपाट पाण्याला तर फारच छान. पंचाण्णव ते एकशेपाच किलोंच्या गृहस्थासाठी आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही एक्क्याऐंशीचे ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. माझ्या पोटात ते चांदणं लख्ख पडलं होतं. "हो," मी म्हणालो.

"मग तुम्हाला फळी शंभर ते एकशेदहा लिटर. शीड साडेसहा. पातं छत्तीस. अर्जातला मजकूर बदलायचा असेल तर बदलता येतो हं. मंडळ माणुसकीने चालतं."

"येतो?"

"येतो की. बदललेला अर्ज हा नवीन अर्ज धरला जातो. सध्या यादीत दोनशे चौदा नावं आहेत."

"नको," मी म्हणालो.

"मग तीन आठवडे आहेत तुमच्याकडे," म्हणून बाई गेल्या.

यित्स्केने कप उचलले. "खरं सांगून टाकायचं होतंस."

"अकरा वर्षं थांबलोय मी!"

"अकरा वर्षांत तुला एकदा तरी त्याची आठवण आली होती का?"

"तो मुद्दा नाही."

"बरं. मुद्दा काय आहे?"

आतापर्यंत मी टपालवाल्या बाईंना, पाद्रीबाबांच्या विधवेला आणि सासूबाईंसकट बावीस नातेवाइकांना एक्क्याऐंशी सांगून बसलो होतो. एवढ्या माणसांसमोर माघार घेणं म्हणजे सगळ्या गल्लीत फिरून माफी मागण्यासारखं होतं. दोनच वाटा उरल्या. एक म्हणजे तीन आठवड्यांत खरोखर एक्क्याऐंशीचं व्हायचं. पहिला आठवडा मी ताक आणि सफरचंद यांवर काढला आणि आठशे ग्रॅम कमी झालो. दुसऱ्या आठवड्यात कचेरीतल्या एकाचा निरोपसमारंभ झाला आणि ते आठशे ग्रॅम आपल्या घरी परत आले, येताना पाहुणे घेऊन.

दुसरी वाट पाण्यातून होती: एक्क्याऐंशीच्या सामानावर आहे त्या वजनाने चढायचं. दंतवैद्याने फळी बदलून एकशेपाच लिटरची दिली. तिला पातं होतं. साडेसहाचं शीड मिळालं, ते जुन्या डोलकाठीला जोडतुकड्याशिवाय बसलं. सामान एकमेकांना असं शोभत होतं की बघत राहावं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात; इथे मोती अगदी बेताचा होता, नाकच जड होतं.

काठाजवळ आमचं तळं उथळ आहे, कमरेएवढं. तिथे मी सराव सुरू केला. फळीवर चढलो की फळी अदबीने खाली जायची. मी गुडघ्यापर्यंत पाण्यात, फळी माझ्या पायांखाली, दोघेही स्थिर. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हा गृहस्थ नुसता पाण्यात उभा आहे आणि काहीतरी हरवलेलं शोधतो आहे. एका बाईंनी काठावरून विचारलंही, "चष्मा पडला का?"

सिब्रेन रोज थर्मास घेऊन बाकावर बसायचा. "छान चाललंय," म्हणायचा.

"फार दुष्ट आहेस तू!"

"दुष्ट नाही, दुसरा आहे. इकडे ये, कॉफी घे." पाचव्या दिवशी मात्र त्याच्यातल्या मास्तराला राहवलं नाही. "अरे लिउवे, तू उभा काय राहतोस? थांबलास की बुडणार, हे लिटरांनी ठरवून ठेवलंय. पण पाचाचा, म्हणजे चांगला जोराचा वारा असला, तू पाण्यात उभा राहून शीड वाऱ्यावर धरलंस आणि ते तुला उचलून फळीवर घेईपर्यंत धीर धरलास, की फळी सुटते. सुटली की पाण्यावर चढते. वर चढलेल्या फळीला तुझं वजन किती हे कळतसुद्धा नाही."

"आणि वळायचं कसं?"

"वळताना वेग पडतो."

"मग?"

"तिथेच तर घोडं अडतं," सिब्रेन समाधानाने म्हणाला आणि थर्मासचं झाकण लावलं. लाल बोया मधल्या खोल पट्ट्यात आहे, जिथून बोटी जातात. तिथे पाय टेकत नाहीत.

परीक्षेच्या शनिवारी पश्चिमेचा वारा होता, चांगला पाचाचा, तळ्याला आडवा. काठावर प्लास्टिकच्या तीन खुर्च्या. मध्ये हिल्केमाबाई, दोन्ही बाजूंना समितीचे दोन वजनदार गृहस्थ, ज्यांच्या खुर्च्यांचे पाय वाळूत घोट्यापर्यंत रुतले होते. नियमाप्रमाणे एक साक्षीदार मंडळाबाहेरचा लागतो. सिब्रेनने आपण होऊन नाव दिलं होतं. तो मंडळाबाहेरचा होताच. आत यायला टपला होता, एवढंच.

"सावकाश," यित्स्के म्हणाली. तिने माझ्या सुटाची चेन पाठीवर ओढली. त्यासाठी तिला एक गुडघा माझ्या कमरेत टेकवावा लागला.

मी मांडीभर पाण्यात उभा राहिलो, मागचा पाय फळीवर ठेवला आणि शीड वाऱ्यावर धरलं. धीर धरला. शिडाने मला उचललं, फळी एकदा खोल दबली, आणि मग सुटली. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज बंद झाला. खाली नुसती सपाट काच आणि पात्याचं बारीक गुणगुणणं. तीस वर्षं ज्या पाण्याला मी अधिक दोन, उणे तीन करत आलो, ते माझ्या पायांखालून पळत होतं. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. काठावर सगळ्यांना ऐकू गेलं म्हणतात. मला आनंद झाला होता, इतका साधा आनंद की त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

लाल बोया डाव्या हाताला आला. इथे वळायचं होतं. समोरून एक मोठी सहलीची बोट येत होती आणि तिच्यावर चाळीसेक माणसं सँडविच खात माझ्याकडे बघत होती. वळलो, तर वेग पडणार. वेग पडला, तर चाळीस माणसांदेखत मी सावकाश, उभ्याने, मानेपर्यंत जाणार. मी वळलो नाही. बोया मागे गेला. काठावर, मला नंतर कळलं, हिल्केमाबाईंनी घड्याळ पाहून लिहिलं: 'अर्जदार पुढे गेले.'

पुढचा काठ आला तो गाईंसकट. मुंग्या मोठ्या होत गेल्या. पातं चिखलात रुतलं, फळी थांबली आणि मी एकटाच पुढे गेलो, बोरूंच्या झुडपात.

तिथे एक शेतकरी कुंपणाला टेकून उभा होता. पुढे कळलं, त्याचं नाव वोपके. मला उठायला मदत करायची त्याला घाई नव्हती. त्याने आधी फळी पाहिली, मग मला.

"या फळीवर तू?" तो म्हणाला.

"का? बरोबर जुळते. मी एक्क्याऐंशी किलोंचा आहे."

वोपकेने कुंपण सोडलं. माझ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली. "चाळीस वर्षं मी गुरांची वजनं नजरेने सांगतोय," तो म्हणाला. "दोन किलोंच्या वर कधी चुकलो नाही. सूट धरून अठ्ठ्याण्णव."

आता मी दमलो होतो, भिजलो होतो, नाकात चिखल होता. पण मानहानी सहन करायलाही एक मर्यादा असते. "अशक्य!" मी म्हणालो. "चल, ठेव मला काट्यावर!"

हात दाखवून अवलक्षण याचा अर्थ मला त्या गोठ्यात समजला. वासरांचा काटा होता, दोन बाजूंना लोखंडी कठडे. मी वर चढलो. मागून एका वासराला वाटलं आपली पाळी आहे, त्याला वोपकेने हटवलं. यंत्राने खर्रकन चिठ्ठी काढली. 'वासरू. ९८.५ किलो.' खाली तारीख आणि वेळ.

"अर्ध्याने चुकलो," वोपके म्हणाला. तो खरंच जरा खट्टू झाला होता. चिठ्ठी त्याने मला देऊन टाकली आणि मी ती सुटाच्या बाहीत खुपसली; का खुपसली, ते विचारू नका.

मग त्याने मला गुरांच्या पाणवठ्यापर्यंत फळी उचलून न्यायला मदत केली. तो पाणवठा बराच पूर्वेला होता. तिथे बोरू नव्हते, पाणी मांडीभर होतं आणि वारा आडवाच होता. गाई रांगेने उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी कोणी वजन विचारलं नाही. मी शीड धरलं, धीर धरला आणि सुटलो. मधल्या पट्ट्यात लाल बोया पुन्हा डाव्याच हाताला आला, या खेपेला त्याच्या दुसऱ्या अंगाने, आणि मी काठाच्या वाळूत, तीन खुर्च्यांपासून दहा पावलांवर येऊन पडलो.

पाऊण तास झाला होता. यित्स्के धावत आली, मी धड आहे असं पाहून तिने मला एक गुद्दा घातला.

समितीत वाद सुरू झाला. एक गृहस्थ म्हणाले, वळसा झाला नाही. हिल्केमाबाईंनी नियम वाचला. "बोयाला वळसा घालून परत. बोया जाताना डावीकडे, येताना डावीकडे. म्हणजे वळसा झाला. वळसा किती मोठा असावा याबद्दल नियम मौन पाळतो."

"मध्ये गोठा आला त्याचं काय?" सिब्रेनने विचारलं. साक्षीदार म्हणून त्याला तो अधिकार होता.

"गोठ्याबद्दलही मौन." बाईंनी पेन उघडलं.

खण माझा झाला होता. फक्त सही व्हायची होती. मी आनंदाने सूट सोलायला घेतला, बाही उलटी झाली आणि चिठ्ठी बाहेर पडली. वाऱ्याने ती नेमकी बाईंच्या बुटाशी नेली. वर्षानुवर्षं जमिनीचे उतारे वाचलेल्या त्या बाईंनी ती वाचली.

"साडेअठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. "वासरू. आजची तारीख, अर्ध्या तासापूर्वीची वेळ. हे काय आहे?"

वासराचीच आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चिठ्ठीवर तसं छापलेलंच होतं. सिब्रेन माझ्याकडे बघत होता, यित्स्के बघत होती. पण मी नुकतंच दोनदा तळं पार केलं होतं, आणि पाणी ओलांडताना माझं वजन कोणालाही कळलं नव्हतं. आता ते लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

"मी आहे ते," मी म्हणालो. "एक्क्याऐंशी मी नाही. अकरा वर्षांपूर्वीही नव्हतो. लिहा हवं तर."

हिल्केमाबाईंनी फाइल मांडीवर घेतली. ती जाड होती, साठ सभासदांचे साठ अर्ज. "मी एकदा सरासरी काढली होती," त्या सावकाश म्हणाल्या. "आपल्या मंडळाची सरासरी अठ्ठ्याहत्तर किलो आहे."

दोन्ही गृहस्थ तळ्याकडे बघायला लागले. त्यातल्या एकाची खुर्ची आणखी जराशी रुतली. बाईंनीही आपला कोट पोटावर नीट ओढून घेतला.

"ही चिठ्ठी नोंदवली तर सगळ्यांचेच अर्ज उघडावे लागतील," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वजन केलं तेव्हा सूट अंगावर होता?"

"होता."

"ओला?"

"चिंब."

"पाणी धरत असेल." त्यांनी पेन साक्षीदाराकडे वळवलं. "किती धरतो असा सूट? आपण तटस्थ आहात."

सगळे सिब्रेनकडे बघायला लागले. त्याने फक्त 'एखादा किलो' म्हणायचं होतं, की खण त्याचा. अकरा वर्षं त्यानेही काढली होती. त्याने सुटाकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, फाइलकडे बराच वेळ पाहिलं.

"साडेसतरा," सिब्रेन म्हणाला. "आरामात."

बाईंनी लिहिलं: 'ओल्या सुटातील पाणी वजा जाता एक्क्याऐंशी.' सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आमच्या मंडळात अशा साठ मुठी आहेत, माझी धरून.

घरी येताना मी सिब्रेनला विचारलं, की बाबा रे, असं का केलंस? "सूट खरंच पाणी धरतो," एवढंच तो म्हणाला आणि सायकल पुढे काढली. मला भरून आलं. असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं मी यित्स्केला रात्रीच्या जेवणात दोनदा म्हणालो.

एप्रिलमध्ये एका सभासदाचे गुडघे गेले आणि एक खण सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिब्रेन पत्र घेऊन मागच्या दारात उभा.

"अभिनंदन!" मी म्हणालो. "काय लागेल ते सांग. शीड, दांडी, काहीही."

"शीड आहे," तो म्हणाला. जरा घुटमळला. "तो तुझा सूट देशील का?"

मी पत्राबरोबरची अर्जाची प्रत त्याच्या हातून घेतली. वजन एकोणऐंशी किलो. मग मी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली, वोपकेसारखी. एकशेसहा, दोन किलो इकडे-तिकडे.

"सिब्रेन," मी म्हणालो, "सत्तावीस किलो पाणी त्या सुटात मावायचं नाही रे."

त्याने थोडा विचार केला. "मग बूट आणि मोजेही दे," तो म्हणाला.